चावडीची डागडुजी

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बीड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून खडू झिजविण्यात गेली. संगणकाच्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु मंडळाच्या सभासदांना आपसांत विचारविनिमय करता यावा म्हणून स्वतःचे एक संकेतस्थळ काढावे, आणि त्यासाठी एकरकमी तरतूद करावी, असा ठराव कार्यकारिणीने यंदा पुढे ठेवला आहे. त्या ठरावावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. ठरावास आमचा पाठिंबा आहे. परंतु त्यातील ‘एकरकमी’ या एका शब्दास आमची हरकत आहे, आणि ती का, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा भरलेला मंडप पाहून मन संतोष पावते. तथापि मंडपात कोण आले आहे हे पाहताना कोण आलेले नाही, हेही पाहिले पाहिजे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळी सरताच उचल घेऊन मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीस गेली आहेत. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात, फडाच्या कडेला कोपी उभारून राहिली आहेत. पाडव्याच्या सुमारास ती परत येतील. तोपर्यंत आपली सभा होऊन जाईल, ठराव संमत होतील, शिक्षणसाहाय्याचे अर्ज निकालात निघतील आणि ही स्मरणिका छापून वाटलीही जाईल. ज्यांना मंडळाची सर्वांत अधिक गरज, तेच आपल्या प्रत्येक सभेस गैरहजर असतात. यात त्यांचा अपराध नाही. सभेची वेळ आपण ठरवितो, आणि उसाची वेळ ऊस ठरवितो.

या संदर्भात एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आमच्याच चुकीची आहे, म्हणून सांगताना संकोच वाटतो. गेल्या जानेवारीत आपल्या एका भगिनीने फडावरून मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहात रात्री एक निरोप पाठविला. मुलाच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी मंडळाचे साहाय्य हवे होते, अर्ज कोणाकडे द्यावयाचा, एवढाच प्रश्न. दुसरे दिवशी मकरसंक्रांत होती. तिळगुळाची चित्रे, हलव्याचे दागिने, गोड बोलण्याच्या शुभेच्छा यांचा असा पूर आला की तो दोन ओळींचा प्रश्न त्याच्या तळाशी गेला. शिक्षणसाहाय्य समितीत आम्ही स्वतः होतो. आमच्याही हातून त्या दिवशी तिळगुळाची तीन चित्रे पुढे गेली, परंतु तो प्रश्न नजरेस पडला नाही. पडला तो मार्चमध्ये, दुसरेच काही शोधताना, मुदत टळून गेल्यावर. त्या मुलाचे शिक्षण त्या वर्षी सुटले आणि यंदा तोही टोळीबरोबर गेला आहे. केवळ त्या एका निरोपामुळे असे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. घरात इतरही अडचणी होत्या. परंतु प्रश्न विचारला गेला होता आणि त्यास उत्तर मिळाले नाही, ही गोष्ट काही केल्या खोटी ठरत नाही.

दिवाळीत आमचे धाकटे चिरंजीव पुण्याहून आले. ते संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांना आम्ही हा प्रकार सांगितला आणि विचारले, “अरे, समूहात हजार माणसे घेता येतात म्हणतोस, मग एवढ्या माणसांतून एकासही दिसू नये?”

ते म्हणाले, “अण्णा, माणसे होती, पण जागा नव्हती. ते वाहते पाणी आहे. त्यात सोडलेली वस्तू पुढे जाणारच.”

हे ‘वाहते’पण मराठी माणसाने फार पूर्वीच ओळखले आहे, हेही त्यांनीच दाखविले. ‘मायबोली’ नावाचे मराठी संकेतस्थळ श्री. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत राहून १९९६ साली गणेशचतुर्थीच्या मुहूर्तावर सुरू केले. त्यावर नुसत्या गप्पांसाठी जी पाने ठेवली आहेत त्यांना ‘वाहती पाने’ असेच म्हणतात. नवा मजकूर आला की जुना वाहून जातो. परंतु ज्या विषयावर कोणी विचारपूर्वक लिहिले आहे, त्याचा धागा स्वतंत्र राहतो. दहा वर्षांनी कोणी त्याखाली प्रतिसाद लिहिला तरी धागा पुन्हा वर येतो. गप्पा वाहू द्याव्यात आणि विचार राखावा, ही व्यवस्था केवढी शहाणपणाची आहे!

आपल्या जिल्ह्यास हा विचार नवा वाटू नये. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर त्या संतकवीने आपला ग्रंथ लिहून ठेवला. दासोपंत १६१५ साली निवर्तले. त्यांच्या मुखातून त्या काळी कितीतरी बोलणे झाले असेल, ते वाऱ्यावर गेले. पासोडीवरचे राहिले. समाजास बोलण्यास वारा लागतो, तशी राखण्यास पासोडीही लागते. आपल्या मंडळापाशी वारा भरपूर आहे, पासोडी मात्र नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अशी जागा एकदा बांधून होत नाही. गावची चावडी बांधली म्हणजे काम संपले काय? एका पावसाळ्यात कौले गळतात, एका वर्षी ओटा खचतो, पुढे वीज येते, मग दिव्याची सोय करावी लागते. संकेतस्थळांचा इतिहासही असाच आहे, आणि तो थोडक्यात पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरी १९७८ च्या जानेवारीत मोठे हिमवादळ झाले. घरात अडकून पडलेल्या वॉर्ड क्रिस्टन्सन आणि रँडी स्यूस या दोघा मित्रांनी संगणकावर चालणारा एक सूचनाफलक तयार केला व फेब्रुवारीत तो सुरू केला. दूरध्वनीवरून तेथे संगणक जोडावयाचा, फलकावरील मजकूर वाचावयाचा, आपला लिहावयाचा. एका वेळी एकच मनुष्य वाचू शके. दुसऱ्याने थांबावे. आमच्या शाळेतील फलकापुढे तरी एका वेळी दहा मुले उभी राहत! आज जगभर कोट्यवधी माणसे ज्या सोयी वापरतात, त्यांची सुरुवात इतकी साधी होती. पुढची प्रत्येक सोय कोणाच्या तरी अडचणीतून निघाली.

मराठीचेच पाहा. आरंभी परदेशातील आपली मंडळी रोमन लिपीत मराठी लिहीत. वाचताना ‘मन’ आहे की ‘मान’, याचा उलगडा संदर्भावरून करावा लागे. मग देवनागरी टंक आले, परंतु एकाचा टंक दुसऱ्याच्या यंत्रावर नसला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. जगातील साऱ्या लिप्यांना एकाच क्रमात बसविणारी ‘युनिकोड’ ही पद्धती १९९१ पासून आली आणि तिच्यात देवनागरी पहिल्यापासून होती. ती सर्वत्र रुळल्यावर ही पीडा टळली. तरीही काम संपले नाही. ‘ॲड्रेस’, ‘ॲसिड’ असे शब्द मराठीत आपण रोज लिहितो, पण त्यातील ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवावे लागे, आणि काही यंत्रांवर तो चंद्र अक्षर सोडून बाजूला जाऊन बसे. एका अक्षरासाठी एवढा खटाटोप कशास, असे कोणास वाटेल. पण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक केवळ एका रफाराचा आहे, आणि तो चुकला तर दक्षिणा स्वयंपाकघरात जाईल, हे शिक्षकास विचारावे.

पुढे ‘मनोगत’ या संकेतस्थळाने तर शुद्धिचिकित्सकाची सोय केली. लिहिलेला मजकूर तपासून संशयास्पद शब्द तो दाखवून देतो. हे ऐकून आम्हांस मनापासून आनंद झाला. चाळीस वर्षे लाल शाईने आम्ही जे करीत आलो, ते यंत्र न रागावता करते. ‘ऐसी अक्षरे’ या स्थळाने प्रतिसादांना नुसते बरे-वाईट न म्हणता ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘विनोदी’ अशा श्रेणी देण्याची पद्धत ठेवली. नुसत्या अंगठ्याने एवढेच कळते की कोणास काही आवडले. श्रेणीने कळते की काय आणि कशासाठी आवडले. डिस्कोर्स नावाची एक प्रणाली २०१३ साली आली. तिच्यात विचारलेल्या प्रश्नास योग्य उत्तर मिळाले म्हणजे ‘सुटला’ अशी खूण करता येते, आणि न सुटलेले प्रश्न वेगळे काढून पाहता येतात. बंधूंनो, ही सोय गेल्या जानेवारीत आपल्यापाशी असती, तर त्या भगिनीचा प्रश्न संक्रांतीच्या पुराने वाहून नेला नसता.

या सोयी निर्माण कशा होतात, तेही ऐकण्यासारखे आहे. बेल्जममधील अँटवर्प विद्यापीठात ड्रीस बॉयटार्ट नावाच्या विद्यार्थ्याने २००० साली आपल्या वसतिगृहातील मित्रांसाठी एक लहानसा संदेशफलक केला. पुढे त्यास महाजालावर जागा देताना त्याच्या मनात डच भाषेतील ‘दोर्प’, म्हणजे खेडेगाव, हे नाव होते. टंकताना अक्षर चुकले आणि ‘ड्रॉप’ झाले. डच भाषेत थेंबास ‘द्रुपल’सारखा शब्द आहे, त्यावरून या प्रणालीचे नाव ‘ड्रुपल’ पडले. जानेवारी २००१ मध्ये त्याने ती जगास मोफत दिली. कोणीही घ्यावी, वापरावी, दुरुस्त करावी आणि दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्यास दिली तर ती त्याच मोकळीकीने द्यावी, असा तिचा नियम आहे. मायबोली व मिसळपाव ही मराठी स्थळे याच प्रणालीवर उभी राहिली. एका वसतिगृहातील गावकीच्या फळ्यावर आपली मराठी चावडी बसली आहे, असे म्हटले तरी चालेल.

तेथे काम असे चालते. वापरणारा आपली अडचण सर्वांसमक्ष नोंदवितो. दुसरा कोणी, बहुधा हजारो मैलांवरचा, तीवर उपाय लिहितो. तिसरा तो उपाय तपासून त्यातील खोड काढतो. जबाबदार मंडळींना पटले म्हणजे ती दुरुस्ती पुढील आवृत्तीत येते. येथे चिरंजीवांनी सांगितलेले एक वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. “अण्णा, सोय मागताना काय हवे ते सांगू नका, काय अडते ते सांगा.” आपण म्हणतो, मोठे बटन हवे. खरी अडचण अशी असते की चष्म्यावाचून वाचता येत नाही. मग उपाय बटन मोठे करण्याचा नसून अक्षर मोठे करण्याचा असतो. मंडळाच्या सभेतही हाच नियम पाळला, तर निम्मे वाद मिटतील असे आम्हांस वाटते.

नव्या सोयी हा एक भाग झाला. डागडुजी हा दुसरा, आणि तो अधिक निकडीचा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमध्ये एक मोठे भगदाड आढळल्याचे जाहीर झाले आणि त्याच वेळी दुरुस्तीही देण्यात आली. दोन आठवड्यांनी त्या मंडळींनी असे सांगितले की, घोषणेपासून ७ तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपले स्थळ चोरांच्या हाती गेले आहे असेच समजून चालावे. सात तास! आपल्या कार्यालयातून साध्या पत्राचे उत्तर जावयास सात आठवडे लागतात. याच ड्रुपलची सातवी आवृत्ती २०११ साली आली आणि चौदा वर्षांनी, ५ जानेवारी २०२५ रोजी, तिची अधिकृत देखभाल बंद झाली. तीवर वसलेल्या सर्वांना नव्या घरी जाण्याची व्यवस्था पाहावी लागली. म्हणून आम्ही म्हणतो की एकरकमी तरतूद करणे म्हणजे चावडी बांधून तिच्या कौलांकडे पाठ फिरविणे होय.

यावर कोणी म्हणेल, स्वतःचे घर कशास? मोठमोठ्या कंपन्या फुकट जागा देतात, तेथे राहू. ‘ऑर्कुट’वर एके काळी मराठी मंडळींचे कितीतरी समुदाय नांदत होते. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘याहू ग्रुप्स’वरील वर्षानुवर्षांचा साठा २०१९ च्या डिसेंबरात काढून टाकण्यास आरंभ झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तेही बंद पडले. भाड्याच्या घरात राहण्यास हरकत नाही. परंतु घराण्याची कागदपत्रे तेथील फडताळात ठेवू नयेत.

आता एक इशारा. प्रत्येक सोय हितकारकच असते असे नाही. दोन बाबतींत आपण फार जपले पाहिजे.

पहिली बाब वधू-वर सूचीची. छापील सूची आपल्या घरातच राहत असे. समूहात टाकलेली सूची मात्र एका दिवसात कोठवर जाते, याचा नेम नाही. मुलींचे छायाचित्र आणि भ्रमणध्वनी क्रमांक अनोळखी हातांत गेल्याने काय मनस्ताप होतो, हे काही घरांनी भोगले आहे. मायबोलीवर लिहिताना मजकूर सार्वजनिक ठेवावयाचा की विशिष्ट गटापुरता, हे लिहिणाऱ्यास ठरविता येते. तेथे स्त्रियांसाठी ‘संयुक्ता’ नावाचा स्वतंत्र गटही आहे. आपल्याकडे हीच सोय प्रथम झाली पाहिजे. माहिती ज्याची, परवानगी त्याची, आणि ती परत घेण्याचा अधिकारही त्याचाच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशाने २०२३ साली केला आहे. परंतु कायदा नसता तरी घरातील लेकीची आब राखणे हा आपला धर्मच होता.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. अशा स्थळावर व्यवस्थापकाच्या हाती मजकूर काढून टाकण्याचे आणि सभासदास बाहेर ठेवण्याचे साधन असते. ते असावेच लागते. शिवीगाळ, खोट्या बातम्या, जाहिराती यांना आवर घालण्यास दुसरा मार्ग नाही. परंतु आपण ज्ञातिसंस्था आहोत हे क्षणभरही विसरता कामा नये. मंडळाचा हिशेब विचारला, मुलाने अन्य जातीत विवाह केला, अध्यक्षांच्या मतास विरोध केला, एवढ्याने कोणाचा आवाज बंद झाला, तर ती चावडी न राहता जुनी जातपंचायत होईल. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो अशाच प्रवृत्तीसाठी. तेव्हा मजकूर काढला तर तो कोणी काढला आणि का काढला, याची नोंद सर्वांस दिसावी. एकट्याने निर्णय घेऊ नये. ज्याच्याविरुद्ध निर्णय झाला त्यास दाद मागता यावी. जेथे प्रश्न विचारता येत नाही, ती जागा कितीही सुबक बांधली तरी ओस पडते.

आमची सूचना थोडक्यात येणेप्रमाणे आहे. ठरावातील ‘एकरकमी’ हा शब्द गाळावा. बांधणीस जी रक्कम ठेवाल, तिच्या निदान चौथ्या हिश्श्याइतकी तरतूद डागडुजीसाठी दरसाल करावी. देखरेखीस तिघांची समिती असावी, त्यात एक भगिनी आणि ऊसतोडीच्या कुटुंबातील एक शिकलेला तरुण असावा. सभासदांच्या अडचणींची वही उघडी ठेवावी, आणि दर वर्षी तीतून एक-दोनच सोयी निवडून त्या नीट पार पाडाव्यात. दहा सोयी एकदम करून माणसे गोंधळून जातात, हे आम्ही वर्गात पाहिले आहे. प्रत्येक नवी सोय पसंत करण्यापूर्वी ती पुण्याच्या कार्यालयात नव्हे, तर फडावरील कोपीत, दिवसभर मोळ्या वाहून थकलेल्या माणसाच्या हातातील स्वस्त भ्रमणध्वनीवर चालवून पाहावी. तेथे चालली तर ती सर्वत्र चालेल. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा बोललेला प्रश्न लिहून घेणारा एक स्वयंसेवक प्रत्येक तालुक्यात असावा. हे काम निवृत्त शिक्षकांनी अंगावर घ्यावे. आमचे नाव त्यात पहिले लिहून ठेवावे.

त्या मुलाविषयी एक शब्द सांगून आपली रजा घेतो. तो आता फडावर आहे. पाडव्यास टोळी परत आली म्हणजे त्याच्या घरी जावयाचे आणि अर्ज त्याच्यासमोर बसून भरावयाचा, असे आम्ही ठरविले आहे. तो पुन्हा महाविद्यालयात जाईल की नाही, हे आज सांगता येत नाही. परंतु येत्या संक्रांतीस कोणी असा प्रश्न विचारला, तर त्यास उत्तर मिळेपर्यंत तो पानावर जागच्या जागी राहील, एवढी व्यवस्था आपण या सभेत करू शकतो. तेवढीच करावी, अशी आमची विनंती आहे.